पितळी टोपण

आमच्या घरची मोटार डिझेलवर चालायची. त्या काळी समुद्रपुरात मोटार असणंच नवलाचं होतं, आणि तालुक्यात ज्या दोन-चार होत्या त्या सगळ्या पेट्रोलच्या. आमची जर्मन बनावटीची, काळी, गोल टपाची. चांद्याकडच्या कोळसा खाणीतला एक साहेब देश सोडून निघाला तेव्हा मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती त्याच्याकडून घेतली होती. ती सुरू झाली की तिची टकटक गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जायची. गावानं तिचं नाव 'चक्की' ठेवलं होतं. विहिरीवरच्या बायका म्हणायच्या, "चक्की निघाली वाटते, शेटजी बाजारात चालले."

मामाजींचा कापसाचा व्यापार होता. माणूस हुशार, हौशी आणि पक्का हेकट. त्यांना वस्तू विकत घेण्यापेक्षा करवून घ्यायची आवड. पाटाला चाकं लावून घे, कंदिलाला दुहेरी कडी बसवून घे, असं त्यांचं सारखं चालायचं. केलेली वस्तू उपयोगी पडो न पडो, घरात तिच्याविरुद्ध कोणी बोलायचं नाही.

मी त्या घरात सून होऊन आले आणि दुसऱ्याच वर्षी गाडी चालवायला शिकले. त्याला कारण आमचे डायवरभाऊ. मोठ्या लढाईत ते फौजेत ट्रक चालवत होते. परत आल्यावर मामाजींनी त्यांना गाडीवर ठेवलं. माझं लग्न झालं त्या वर्षीच्या दसऱ्याला ते घरच्यांना घेऊन नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन आले. परतल्यावर दारात ताठ उभं राहून त्यांनी मामाजींना नवा नमस्कार घातला. मामाजी जरा गोंधळले, मग म्हणाले, "बरं, बरं. गाडी काढ, जामच्या बाजारले जाचं हाय." पण डायवरभाऊ नागपूरला होते तेवढ्या दिवसांत मामाजींची दोन मोठी कामं अडली होती, आणि त्यांनी मनाशी ठरवलं होतं की घरातल्या कोणाला तरी गाडी आलीच पाहिजे.

पहिला मान अर्थातच आमच्या ह्यांचा. ह्यांनी पहिल्याच दिवशी गाडी थेट कापसाच्या गंजीत घातली. कापूस असल्यामुळे कोणाला लागलं नाही, पण हे गाडीतून उतरले ते पुन्हा चाकामागे बसायला तयार होईनात. तेव्हा मामाजी आत्याबाईंना, माझ्या सासूबाईंना, म्हणाले, "सूनबाईले शिकवून पाहू काय?" आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शिकवा. माह्या पोरापेक्षा तिचा हात थिर हाय."

मग मामाजींच्या जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, मोकळ्या आवारात, हंगाम सरल्यावर, डायवरभाऊ मला शिकवू लागले. डोक्यावरचा पदर पिनेनं पक्का करायचा आणि चाकामागे बसायचं. पहिला धडा गाडी सुरू करण्याचा. समोरच्या फळीवर एका जाळीआड बारीकशी तार होती. दांडा ओढून धरला की ती हळूहळू तांबडी व्हायची. "चूल पेटली," डायवरभाऊ म्हणायचे, "आता मारा." दांडा आणखी ओढला की इंजिन धडधडत जागं व्हायचं. त्या धडधडीनं माझ्या अंगावर काटा यायचा. मला तो आवाज फार आवडायचा.

आणि नेमकं मी गिअर टाकायला शिकले त्याच उन्हाळ्यात गाडी दमू लागली.

दमू लागली म्हणजे कशी, ते सांगते. घरून निघताना गाडी अगदी ठणठणीत असायची. चार-पाच मैल गेलं की पायाखालची पट्टी कितीही दाबा, वेग म्हणून यायचा नाही. सपाट रस्त्यावर ढकलत चालल्यासारखी चालायची आणि चढ आला की जीवच सोडायची. मग झाडाखाली थांबायचं, विडी ओढून होईपर्यंत वाट पाहायची, की गाडी पुन्हा काही मैल नीट. डायवरभाऊ म्हणायचे, "हिले इसावा लागते. बैलावानी."

याचा सगळ्यांत जास्त त्रास आत्याबाईंना झाला. गिरडच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा. महिन्यातून एकदा तिथं चादर चढवायला जायच्या. गिरडच्या अलीकडे लांबलचक चढ आहे. त्या चढाला गाडी हमखास बसायची आणि सगळ्यांनी उतरायचं. आत्याबाई देहानं भारी, गुडघे धरलेले. त्या उन्हात चढ चढायच्या आणि मागून डायवरभाऊ आणि रस्त्यानं जाणारे दोघं-तिघं गाडी ढकलत आणायचे. बैलगाडीवाले बाजूनं जाताना म्हणायचे, "काहो शेटजी, दोर टाकू काय?" मामाजींच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

मिस्त्री खूप झाले. हिंगणघाटचा आला, वर्ध्याचा आला. एकानं डिझेल गाळायची जाळी बदलली. दुसऱ्यानं डिझेलचा फवारा उडवणारे नॉझल काढून साफ केले. प्रत्येक वेळी गाडी दारातून अशी झोकात निघायची की मिस्त्री खुशीत परत जायचा, आणि जामच्या पुढे गेलं की पहिले पाढे पंचावन्न. शेवटचा मिस्त्री स्पष्टच बोलला, "शेटजी, इंजिन म्हातारं झालं. दम राह्यला नाई त्यात. गाडीच काढून टाका."

मामाजींनी ते मनावर घेतलं. चांद्याकडच्या एका ठेकेदाराला निरोप गेला. तो म्हणाला, गुरुवारी येतो, गाडी पाहतो, पटली तर घेऊन जातो.

ते ऐकलं आणि मला जेवण जाईना. कोणाला काय सांगणार? सुनेचं गाडी चालवणं ही काही घराची गरज नव्हती. गाडी गेली की मी पुन्हा चुलीपुढे, एवढाच हिशेब. त्या दिवशी दुपारी मी आवारात गेले. डायवरभाऊ गाडीखाली आडवे झाले होते.

"भाऊ, खरंच इंजिन गेलं काय हो?"

ते बाहेर आले. हात पुसत म्हणाले, "बाई, मले नाई पटत. इंजिन म्हातारं असतं तर सकाळीबी म्हातारंच असतं. घरून निघताना जवान आन जामले म्हातारं, असं कसं होईन?"

मग त्यांनी मला सगळं एकेक करून सांगितलं. ब्रेक चिकटत असेल म्हणून त्यांनी थांबल्यावर चारही चाकांना हात लावून पाहिला होता, चाकं थंड होती. पायपट्टीची सळई पुरती ओढली जाते की नाही, ते मला पट्टी दाबायला लावून त्यांनी माझ्यासमोर पाहिलं. ओढली जात होती. हवेच्या गाळणीत आमच्या आवारातले कापसाचे तंतू मूठभर निघाले होते. ती धुतली, तरी फरक नाही.

"आन धूर पाहा," ते म्हणाले. "हवा कमी पडली तर काळा धूर सोडते. ही दमते तवा धूरच सोडत नाई. म्हणजे तिले खायाले भेटून नाई राह्यलं. उपाशी हाय ती."

"पण टाकी तर भरलेली असते."

"तेच तर समजून नाई राह्यलं. उलट टाकी अर्धी असली तर लांब जाते. काठोकाठ भरली का लवकर बसते. शेटजी म्हणतात, डिझेलचं वजन होते."

मला हसू आलं. चढावर डिझेलपेक्षा कितीतरी जास्त वजन आत्याबाई उतरल्यानं कमी होत होतं, तरी गाडी चढत नव्हती. पण घरात हे बोलायची सोय नव्हती. भरलेलं पोट आणि तरी उपाशी, हे कोडं डोक्यात घेऊन मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी मातीच्या तेलाचा, म्हणजे रॉकेलचा, नवा डबा फोडला. घरातल्या गड्यानं खिळ्यानं एक भोक पाडलं आणि बाटलीत तेल ओतायला लागला. तेल यायचं आणि थांबायचं. गुटुक करून डबा हवा ओढायचा, तेल पुन्हा थोडं यायचं, पुन्हा थांबायचं. निम्मं बाहेर सांडलं. मी त्याच्या हातातून खिळा घेतला आणि दुसऱ्या कोपऱ्यात भोक पाडलं. धार सरळ लागली. माझ्या वडलांचं आर्वीला किराण्याचं दुकान होतं. असे डबे मी लहानपणापासून फोडत आले होते, आणि दुसरं भोक पाडताना माझा हात कधी विचार करत नसे. त्या दिवशी मात्र खिळा हातात तसाच राहिला. तेल बाहेर जायचं तर त्याच्या जागी हवा आत यायला हवी. डब्यात वर मोकळी जागा जास्त असली तर तेल जरा वेळ वाहतं. डबा काठोकाठ असला तर लगेच अडतं.

मी तशीच आवाराकडे निघाले. पायात चपला नव्हत्या हे तापलेल्या मातीवर पाय पडल्यावर कळलं.

"भाऊ, टाकीच्या टोपणाला भोक आहे काय?"

डायवरभाऊ तोंडावर हात ठेवून पायरीवर बसले. "फौजेत साऱ्या टोपणाले असते," ते म्हणाले. "आतून असते, बारीक. दिसत नाई म्हणून आपण पाहातच नाई. पण बाई, हे टोपण फौजेतलं कुठं हाय? हे तर शेटजीचं हाय."

आता अडचण कळली. गाडीचं मूळ टोपण त्याच उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका लग्नाच्या गर्दीत हरवलं होतं. त्याच्या जागी मामाजींनी हिंगणघाटच्या एका लेथवाल्याकडून पितळेचं टोपण कातून घेतलं होतं. आतून रबराचं जाड कडं, म्हणजे एक थेंब सांडायचा नाही, आणि वर कुलूप, म्हणजे कोणी डिझेल काढायचं नाही. वर मामाजींच्या नावाची अक्षरं. किल्ली त्यांच्या करदोट्याला. टाकी तेच उघडायचे, पिंपातलं डिझेल समोर उभं राहून भरून घ्यायचे आणि स्वतःच बंद करायचे. त्या टोपणाला पाहुण्यांच्या कौतुकाची सवय होती.

बुधवारी सकाळी डिझेल भरताना मामाजींनी टोपण काढून स्टुलावर ठेवलं. डायवरभाऊंनी पुसायच्या निमित्तानं ते उलटं केलं, उजेडाला धरलं आणि दुरूनच माझ्याकडे पाहून मान हलवली. भोक नव्हतं.

सांगायचं कोणी? डायवरभाऊ म्हणाले, "मी सांगतलं तर म्हणतीन, नोकरी सांभाळून राह्यला." ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "तूच सांग, तुझ्यावर बाबा ओरडत नाहीत." शेवटी मी आत्याबाईंना गाठलं आणि डबा आणि दोन भोकं त्यांच्यासमोर करून दाखवली. त्यांनी एक भोक बोटानं दाबलं, धार थांबली. बोट काढलं, धार लागली. पुन्हा दाबलं, पुन्हा काढलं. मग उठल्या, डबा तसाच हातात घेऊन ओसरीवर गेल्या आणि मामाजींसमोर ठेवला.

"हे पाहा," त्या म्हणाल्या. "तुमचं टोपण माहे गुडघे खाऊन राह्यलं."

मामाजींनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी पदर सावरत, त्यांच्या पायांकडे पाहत बोलत होते. माझं झाल्यावर ते म्हणाले, "टोपणाचा काय दोष? इतक्या मिस्त्रींनी गाडी पाह्यली, एकालेबी टोपण नाई दिसलं? भोक-बिक काही पाडाचं नाई."

"भोक नका पाडू," मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "उद्या गिरडच्या चढावर गाडी बसली की तिला विसावा द्यायचा नाही. कोणी उतरायचं नाही. फक्त टोपण उघडायचं, पुन्हा लावायचं आणि लगेच निघायचं. गाडी विसाव्यानं चालत असेल तर चढणार नाही. टोपणानं अडत असेल तर चढेल."

मामाजींनी करदोट्याची किल्ली चाचपून पाहिली. "ठेकेदार उद्या येऊनच राह्यला," ते म्हणाले. "त्याच्यासमोरच होऊन जाऊ दे."

गुरुवारी टाकी काठोकाठ भरली. ठेकेदार स्वतःच्या जीपमधून मागे निघाला. जीप लढाईच्या वेळची, पण तिचा त्याला भारी अभिमान. आमच्या गाडीत पुढे डायवरभाऊ आणि मामाजी, मागे आत्याबाई आणि मी. चादर आत्याबाईंच्या मांडीवर. काही मैल गाडी भरभर चालली. मग तो ओळखीचा जडपणा आला. मला तो बसल्या जागी पाठीत कळला. टकटक तीच, पण तिच्यात जोर नाही. चढ लागला आणि गाडी मुंगीसारखी झाली. डायवरभाऊंनी खालचा गिअर टाकला, पट्टी तळाला लावली. चढाच्या मध्यावर दोन आचके देऊन गाडी थांबली.

ठेकेदाराची जीप हॉर्न वाजवत बाजूनं गेली. जाताना तो हसून ओरडला, "शेटजी, वरतं थांबतो! ढकलून आणा!"

सवयीनं आत्याबाईंचा हात दाराच्या कडीवर गेला. "उतरू नका, आत्याबाई," मी म्हणाले.

मामाजी एकटे उतरले. ते गाडीच्या मागे गेले, वाकले, किल्ली लावली. मी मागच्या काचेतून पाहत होते. टोपण सैल होताच आवाज आला, सूंऽऽ करून, लांब श्वास घेतल्यासारखा. तो आत बसलेल्या आम्हाला स्पष्ट ऐकू आला. उभ्या गाडीत हवा रबराच्या कडेनं हळूहळू आत झिरपायची, म्हणून रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचं टोपण रोज सकाळी उघडणाऱ्या मामाजींनी तो कधीच ऐकला नव्हता. ते तसेच वाकून राहिले, टोपण हातात, कान टाकीकडे. मग त्यांनी ते लावलं आणि येऊन बसले. चेहऱ्यावर काय होतं ते मला मागून दिसलं नाही. एवढंच म्हणाले, "चाल."

डायवरभाऊंनी हाताच्या पंपानं डिझेल वर ओढून घेतलं आणि दांडा ओढला. चूल पेटली. इंजिन सुरू झालं. त्यांनी ब्रेक सोडला, पट्टी दाबली, आणि गाडी निघाली. तिचा आवाज भरला, मागच्या बाकानं आम्हाला पाठीत ढकललं. उभ्या चढावर, चौघं आत, टाकी भरलेली, आणि कोणी उतरलेलं नाही. आत्याबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "चढून राह्यली," त्या म्हणत होत्या, "अवो, चढून राह्यली!" डायवरभाऊ फौजेतली कुठली तरी आरोळी ठोकत होते. मामाजी पुढच्या काचेला नाक लावून बसले होते. चढाच्या बाजूनं एक बैलगाडी चालली होती, तिच्यावरचा माणूस उठून उभा राहिला आणि त्यानं मुंडासं हलवलं.

वर ठेकेदार जीपला टेकून विडी ओढत होता. माणसं आमची गाडी ढकलत वर आणताना पाहायची त्यानं तयारी केली होती. आम्ही त्याच्यासमोरून धडधडत पुढे गेलो आणि थेट दर्ग्याच्या टेकडीच्या पायथ्याशी थांबलो. तो मागून आला, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि निरोपात कळवलेल्यापेक्षा पुष्कळ वाढवून भाव बोलला.

"गाडी विकाची नाई," मामाजी म्हणाले.

"अहो शेटजी, पण तुम्हीच तर निरोप धाडला होता."

"धाडला होता. आता नाई विकाची. आमच्या सूनबाईनं दुरुस्त केली ते." मग डायवरभाऊंच्या खांद्यावर हात ठेवत, "आन आमच्या भाऊनं."

मामाजींनी कोणाच्या खांद्यावर हात ठेवलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि डायवरभाऊंच्या खांद्यावर तर तो त्या गावातल्या कोणत्याच शेटजीनं ठेवलेला मी पाहिला नव्हता. डायवरभाऊंनी दसऱ्यानंतरचा तो नमस्कार घातला, आणि या वेळी मामाजींनी हात जोडून तो घेतला.

टोपणाला भोक पाडायचं काम मामाजींनी लोहाराकडे जाऊ दिलं नाही. ते सोनाराकडे गेले. नाकातली मोरणी घडवणाऱ्या सोनारानं त्यांच्या नावातल्या एका अनुस्वाराच्या जागी, नेमकं त्या टिंबातून, बारीक भोक पाडून दिलं. पाहुण्यांना ते पुढेही टोपण दाखवत, आणि सांगत की हवेसाठी भोक ठेवणं फार महत्त्वाचं असतं, मिस्त्रींनाही ते ठाऊक नसतं. आम्ही कोणी मधे बोलत नसू.

पण हे पुढचं. त्या गुरुवारी चादर चढवून झाल्यावर आम्ही परत निघालो तेव्हा मामाजी पुढच्या दारापाशी गेले आणि ते उघडून धरून म्हणाले, "सूनबाई, चालव तू. घरापर्यंत."

जिनिंगच्या आवाराबाहेर मी गाडी कधी काढली नव्हती. डायवरभाऊ बाजूला बसले. मामाजी मागे, आत्याबाईंशेजारी. वाटेत त्यांनी एकदाच गाडी थांबवून टोपण सैल केलं. बाकी वेळ मी होते आणि रस्ता होता. चढ उतरताना पाय ब्रेकवर रोवून धरला, सपाटीवर आल्यावर पट्टी दाबली. दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेली काळी वावरं पडली होती आणि ऊन कलत चाललं होतं. समुद्रपूरच्या बाजारात शिरलो तेव्हा दुकानांच्या फळ्यांवर बसलेली माणसं एकामागून एक उभी राहिली. कोणी तरी म्हणालं, "चक्की शेटजीची सून चालवून राह्यली रे!" मी पदर नीट करायला चाकावरचा एक हात सोडणार होते, तेवढ्यात मागून आत्याबाईंचा आवाज आला.

"पदर राहू दे. हॉर्न वाजव."

मी वाजवला, गल्लीच्या तोंडापासून घराच्या दारापर्यंत.